हाताची काजं

३ डिसेंबर

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. नेहमीसारखी चार पानं तुझ्या वॉर्डाची आणि शेवटी दोन ओळी आमच्या. सहा नंबरच्या आजींना झोप लागली का, अकरा नंबरच्या मास्तरांनी इन्सुलिनची सुई स्वतःच्या हातानं टोचून घेतली का, सगळं आता मला पाठ झालंय. आई तुझी पत्रं शेजारच्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवते आणि ‘माझी थोरली’ म्हणताना अशी काही मान ताठ करते, की जणू या घरात मी भाडेकरूच. तुझ्या पेशंटांचा मला हेवा वाटतो, खरंच सांगते. तुझी माया हवी तर माणसानं आजारीच पडायला हवं.

तूर्त मात्र माझा तसा योग दिसत नाही. उलट तुला चांगली जळवावी अशी बातमी आहे. मी बारीक झालेय! लग्नातले कपडे अंगात शिरतात, शिरून वर सैल होतात. खाणं तोडलं असशील म्हणशील, तर छे! दोघांचं एकटी खाते आणि तासाभरानं पुन्हा डबे हुडकत फिरते. तू बिचारी पाणी प्यालीस तरी ते तुझ्या अंगी लागतं. दुकानात माप द्यायला येणाऱ्या बायका मला विचारतात, की काय करता काय तुम्ही? डोळ्यांतही म्हणे वेगळंच तेज आलंय. कामाचा तर नुसता फडशा पाडते. या थंडीत सगळे पांघरुणात मुटकुळं करून बसतात आणि मला पंखा लागतो. आमचे हे, म्हणजे तुझे घड्याळं दुरुस्त करणारे मेहुणे, मफलर गुंडाळून माझ्यापासून लांब बसतात.

दरवर्षीचा तुझा पांढरा कोट शिवून सोबत पाठवला आहे. कमरेला दोन बोटं वाढवलीत. आईनं सांगितलं म्हणून हो, रागावू नकोस.

लोभ वाढता असू दे, कंबर नको.

तुझी,
धाकटी


१४ डिसेंबर

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या पोटात दुखलं. आडवळण कशाला घेऊ? लहानपणी रंग तुझा, गळा तुझा, अक्षर तुझं. पुढे नवरा तुझा, आणि आता आईसुद्धा तुझ्याच घरी. माझ्या वाट्याला आलं ते ‘हुशार आहे हो पोरगी’ हे वाक्य. दिसायला बेतास बात असलेल्या मुलींसाठी लोक ते राखून ठेवतात. आता या वयात तू पुन्हा कात टाकायला निघालीस म्हटल्यावर आम्ही कुठं जावं?

तरी देव अगदीच एकतर्फी नाही. तुझं ते मोत्याचं अक्षर, ज्याच्या वह्या बाई मला मुद्दाम दाखवायच्या, त्याची पार दैना झालीय. कोंबडीचे पाय शाईत बुडवून कागदावर सोडावेत तसं लिहिलंयस. आणि कोटाची काजं! सगळ्या बाजारात मशीनची काजं झाली तरी तू हातानं करतेस, याचा केवढा तोरा तुला. या खेपेला एक काज उत्तरेला बघतंय आणि एक दक्षिणेला, दोन तर काठाशी उसवलीत. आरशापुढून हलायला सवड मिळाली की जरा कामाकडेही बघत जा. कोट मी ट्रंकेत टाकून दिलाय. तो घालून वॉर्डात गेले असते तर साखर हसली असती.

साखर तुला माहीत आहे. माझ्याबरोबर शिकलेली ती सिस्टर. मधुमेहाच्या पेशंटांशी इतकं गोड बोलते, की त्यांनीच हे नाव ठेवलं. सकाळपासून मी अंग पुसायचं, कूस वळवायची, सुया टोचायच्या. आणि बाई नुसत्या दारातून हसल्या की सगळ्यांचे चेहरे फुलणार. माझं रक्त आटतं ते बघून.

एक गंमत सांगते. आमच्याकडे सगळे ग्रंथींचे आजार. मानेतली थायरॉइड मंदावली की तिचं हॉर्मोन कमी पडतं, माणूस सुजतं, सुस्तावतं, थंडीनं काकडतं. मला वाटलं आपलंही तेच. मोठ्या आशेनं रक्त तपासून घेतलं. सगळं ठणठणीत निघालं. म्हणजे हा देह कुठल्या ग्रंथीची कृपा नव्हे, माझी स्वकमाई आहे.

एवढी रूपवती झाली असशील तर फोटो पाठव. कपाटाच्या दारावर लावते. जेवणाआधी बघितला की माझी भूक मरेल.

आईला नमस्कार. लोभ आहेच, आज जरा आंबलाय एवढंच.

तुझी,
ताई


२ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घे फोटो, आणि घाल घशात. फोटोग्राफर सारखा सांगत होता, की बाई, डोळे एवढे ताणू नका, साधे ठेवा. मी काही ताणत नव्हते, ते आहेतच तसे. शेवटी मी त्याच्यावर खेकसले. आता फोटो बघून म्हणतो, की नटीसारखा आलाय.

काजांबद्दल बोललीस ते मात्र फार लागलं. रडले मी दिवसभर. आजकाल मला रडायला काही कारण लागत नाही. परवा आईनं कप जरा जोरात ठेवला तर मी तिच्यावर एवढी ओरडले, की ती बिचारी खोलीत जाऊन बसली. मग मीच तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि तिनं काय म्हणावं? ताई असती तर बरं झालं असतं. ताई, ताई, ताई! रोज उशापायथ्याला मी, आणि नाव तुझं. ‘राबे कोण आणि मिरवे कोण!’

हातानं काजं करणं मी सोडलंय. सुईत दोरा जात नाही, चष्मा बदलायला हवा. आता चौकातल्या मशीनवाल्या बाईकडे कपडे पाठवते. जिना चढला की छातीत धडधडतं. मेहुण्यांनी तुझ्या परवा माझ्या पाठीला कान लावला आणि घड्याळवाल्याच्या थाटात निकाल दिला, की तुझं घड्याळ फार पुढं पळतंय, कमान बघायला हवी. मी म्हटलं, मला उघडून बसलात तर याद राखा.

पण मी मजेत आहे. संसार, दुकान, आईचं पथ्यपाणी यात मी कधीच मावळून गेले होते. आता रस्त्यात बायका वळून बघतात. तू तिथं पांढऱ्या कोटात मिरवतेस, मला एवढं तरी मिरवू दे.

जळून झालं की उत्तर लिही. राखेतही थोडा लोभ शिल्लक ठेव.

तुझी,
धाकटी


१३ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

हे पत्र हातात पडल्यावर दुकान बंद कर आणि आईला जवळ बसव. थट्टा नाही.

तुझा फोटो मी खरोखर कपाटाच्या दारावर लावला होता. येता-जाता बघत होते आणि मनातल्या मनात तुला शिव्या देत होते, की काय डोळे आहेत मेलीचे. आज साखर हातमोजे घ्यायला आली. तिनं फोटो पाहिला आणि सहज विचारलं, की ही कुठल्या खाटेवरची पेशंट? औषध सुरू करण्याआधीचा फोटो दिसतोय.

मी तिला म्हटलं, ही माझी बहीण. तिनं तुझी पत्रं मागितली नाहीत, मीच ट्रंकेतून काढून तिच्यासमोर ठेवली. खाऊनही झडणं, थंडीत उकडणं, रडणं-ओरडणं, थरथरते हात, धडधड, ते डोळे. हेच सगळं मी वर्षानुवर्षं पेशंटांच्या तोंडून ऐकते आणि डॉक्टरांच्या आधी ओळखते. मंदावलेल्या थायरॉइडची तुला गोष्ट सांगितली. ती उधळली तर काय होतं ते तू मला लिहून कळवत होतीस. कळवलंस तू सगळं. मी वाचलं ते एवढंच, की धाकटी सुंदर होतेय.

ही ग्रंथी अंगाची गती ठरवते. तुझी चौखूर सुटलीय. त्या तालावर हृदय पळत राहिलं तर एक दिवस अडखळेल. पण यावर औषध आहे, आणि चांगलं आहे. फक्त उशीर नको. मिळेल त्या गाडीनं ये.

वाट बघते. बाकी मायेचं आल्यावर बोलू.

तुझी,
ताई


१८ जानेवारी

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न.

धन्य आहे तुझी. मी चार माणसांत जरा उठून दिसायला लागले तर तू त्याचाही आजार करून टाकलास! माझं तेज म्हणजे ग्रंथी, माझी चपळाई म्हणजे ग्रंथी, माझे डोळे म्हणजे ग्रंथी. मग माझं म्हणून काही उरलं की नाही? तुझ्या अंगावरची चरबी तेवढी स्वकमाई, आणि माझं रूप मात्र रोग?

मी येणार नाही. तुझ्या हातची पेशंट तर होणारच नाही. तू मला कुशीवर वळवणार, तोंडात थर्मामीटर कोंबणार आणि मग आईला लिहिणार, की आता धाकटी माझ्यासारखीच दिसायला लागली. तुला लहानपणापासून माझं काही बघवलेलं नाही. लिहिलंच शेवटी. आता राग यायचा तो येऊ दे.

धाकटी


२३ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

राग नाही आला. नाहीच बघवलं मला. खरं तेच लिहिलंस. तुझी काजं वाकडी दिसली तेव्हा तुझा हात का हलतोय हे विचारायच्या आधी मला गुदगुल्या झाल्या. यापेक्षा वाईट मी स्वतःबद्दल काही लिहू शकत नाही, आणि आता ते काही धुऊन निघणार नाही.

पण बाई गं, माझं पोट दुखलं म्हणून तुझं हृदय बरं होत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एक कर. दोन्ही हात पुढे ताठ धर, बोटं पसर आणि वर एक कोरा कागद ठेव. आईला समोर बसव. कागद स्थिर राहिला तर मी मत्सरी आणि खोटारडी. आयुष्यभर तुझ्या घरी भांडी घासीन.

आणि माझी पेशंट व्हायची भीती सोड. आमच्याकडे घरच्या माणसाची शुश्रूषा आपण करायची नाही, असा नियम आहे. मायेनं हात कचरतो आणि डोळे खोटं बोलतात. आमचे तर बोललेच. तू वॉर्डात आलीस की मला वरच्या मजल्यावर पाठवतील. तुझं सगळं साखर करील. साखर! आता तरी सूड उगवल्याचं समाधान मिळेल ना?

लोभ असो वा नसो, तू ये.

ताई


२८ जानेवारी

ती. ताईस,
सा. न.

कागद थरथरला. नुसता थरथरला नाही, उडून खाली पडला. आईनं उठून माझे कपडे बॅगेत भरायला घेतले. यांनी दुकानाला कुलूप लावलं.

आम्ही दोघं येतोय, आईकडे शेजारच्या बाई बघतील. भांड्यांचं नशीब.

धाकटी


१९ एप्रिल
तळमजला, खिडकीजवळची खाट

तीर्थस्वरूप ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एकाच इमारतीत राहून पत्र लिहिण्याची पाळी आपल्यावरच यायची. मी खाली, तू वर. भेटीच्या वेळात तू येतेस ते पाहुण्यासारखी, आणि आता ऑपरेशननंतर मला जास्त बोलायचं नाही. म्हणून वॉर्डातल्या मावशींच्या हाती ही चिठ्ठी.

गोळ्यांनी गेले दोन-अडीच महिने घड्याळ जाग्यावर आणलं, आणि परवा डॉक्टरांनी ती उधळलेली ग्रंथीच काढून टाकली. मानेवर टाका असा बारीक आहे की मला शिंपीण म्हणून दाद द्यावीशी वाटली. आता जन्मभर रोज एक गोळी. हॉर्मोन बाटलीतून, बाकी सगळं माझं.

तुझी साखर मात्र कमाल आहे हं! उशा अशा लावते की मान अर्धवट उभी राहते आणि दुखत नाही. दर थोड्या वेळानं मानेमागं हात घालून बघते, रक्त झिरपत नाही ना म्हणून. आवाज शाबूत आहे का बघायला मला एक ओळ गुणगुणायला लावते आणि म्हणते, की काय गोड गळा! माझे केस विंचरते. सगळ्या बायांत मी तिची लाडकी आहे. तिला मी कबूल करून टाकलंय, की घरी गेल्यावर तुमच्यासाठी कोट शिवीन. तू रागावणार हे माहीत आहे. म्हणूनच लिहिलं.

सकाळपासून ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या आल्यासारखं होतंय. हात अंगाखाली दबला असेल. साखरबाईंनी विचारलं तर मी काही नाही म्हणाले. एवढ्या चांगल्या बाईपुढं कुरकुरी पेशंट कोण ठरणार?

वर बसून जळत राहा. तेवढाच लोभ पुरे.

तुझी,
धाकटी


२१ एप्रिल
वरचा मजला

चि. सौ. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आता बरी आहेस असं मावशी सांगून गेल्या, म्हणून चार शब्द सुनावायला बसले आहे.

परवाचं तुझं साखरपुराण वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. लाडकी काय, केस विंचरते काय! तुझ्या केसांतल्या उवा कोणी काढल्या लहानपणी? रागानं कागद चुरगाळून टोपलीत टाकणारच होते, तेवढ्यात ‘मुंग्या’ हा शब्द दिसला. त्यानंतर जिना कसा उतरले ते मला आठवत नाही. नंतर पाहिलं तेव्हा एक चप्पल वर होती आणि एक खाली.

आल्याबरोबर मी तुझ्या गालावर टिचकी मारली ती भांडणाची नव्हती. कानापुढं टिचकी मारली की ओठ आपोआप खेचला जातो, तसा तुझा खेचला. थायरॉइडच्या पाठीमागं डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. ऑपरेशनमध्ये त्या कधी कधी दुखावतात. मग आधी मुंग्या येतात, पुढे हात आखडतात, आणि त्याच्यापुढचं मी तुला सांगत नाही. साखरेनं डॉक्टरांना हाक मारली, इंजेक्शन उशाशी तयारच होतं. संध्याकाळच्या फेरीत तिला कळलंच असतं. ती चोख आहे, मी नाकारत नाही. पण तू तिला ‘काही नाही’ म्हणालीस आणि मला लिहिलंस, हे मी जपून ठेवणार आहे. यापुढे कुठलीही सिस्टर विचारील तेव्हा खरं सांगायचं. चांगल्या पेशंटपेक्षा जिवंत पेशंट बरी.

नियम मोडून धावत आले म्हणून मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं होतं. काय म्हणाल्या ते राहू दे. बाहेर साखर उभी होती, माझी वरची चप्पल हातात घेऊन. तिनं विचारलं, की तुझ्या कोटाची काजं अशी कशी? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तू सुईच्या धांदलीत असताना तेच बघत होतीस. हो, तोच कोट आहे. तिनं फोटोवरून तुला पेशंट म्हटलं त्या दिवशी ट्रंकेतून काढला, तेव्हापासून रोज घालते, फक्त तुझ्या भेटीला येताना काढून ठेवते. उसवून नीट करून देईन असं काल मावशींजवळ म्हणालीस म्हणे. हात लावायचा नाही त्याला. बटण लावताना रोज माझं बोट अडखळतं, ते अडखळायलाच हवं.

साखरेला कोट जरूर शिव. तिनं तुला माझ्यापेक्षा चांगलं सांभाळलंय, आणि ते बघून मला जे होतं ते होऊ दे, त्याला आमच्या वॉर्डात औषध नाही. कापड भारी घे, माप नेमकं घे. पण काजं मशीनवर करून आण. हाताची काजं फक्त माझ्या कोटाला.

आईला मी पत्र टाकलंय. त्यात चारही पानं तुझ्याबद्दल आहेत, माझ्या वॉर्डाच्या दोनच ओळी. शेजारच्या बाईंना मोठ्यानं वाचून दाखवू दे.

लोभ असावा, आणि तो कोणाला वाटून देऊ नये.

तुझीच,
ताई